माझ्या टोपात गेलेला हात

मी एक जुना, बेकरीतला पीठ मळायचा मिक्सर आहे. तुमच्या घरी ओट्यावर घुर्र करतो तो चिमुकला नव्हे, मित्रांनो. माझं टोप एवढं मोठं आहे की तुमच्यातले दोघं त्यात मांडी घालून बसतील. बसू नका. त्या टोपात माझा लोखंडी आकडा फिरतो, मनगटाएवढा जाड, आणि मैदा कुठला आणि माणूस कुठला हे त्याला कळत नाही.

मी जन्मलो तोच मार खात. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, निवल्यावर घणाने ठोकलं, कानशीने अंग सोलून काढलं. सगळ्यात शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या टोपावर सळ्यांची जाळी बसवली आणि तिच्या बिजागरीपाशी नखाएवढा एक खटका लावला. जाळी खाली असली की खटका दाबलेला राहतो आणि मी फिरतो. जाळी उचलली की खटका सुटतो आणि मी जागच्या जागी थांबतो. माझ्या एवढ्या मोठ्या धुडात अक्कल म्हणावी अशी तेवढीच जागा आहे. म्हाताऱ्याने जाळी तीनचारदा वरखाली करून पाहिली आणि मगच मला गाडीत चढवू दिलं.

मी आलो ती बेकरी लहान होती. तिथे दोघी जावा कामाला होत्या. थोरली माझ्यापाशी पीठ मळायची आणि धाकटी पुढे काउंटरवर कॉफी करायची. भट्टी सांभाळणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. थोरलीची एक सवय होती. पीठ अर्धं मळून झालं की ती जाळी उचलायची, मी थांबायचो, मग ती हात घालून लिंबाएवढा गोळा तोडायची आणि बोटांवर ताणून उजेडासमोर धरायची. गोळा न फाटता पातळ झाला आणि त्यातून उजेड दिसला की पीठ तयार. उस्ताद तिची थट्टा करायचा की वहिनी पीठ बघत नाहीत, नाडी बघतात. थोरली त्याला म्हणायची, तुमची बघितली तर सापडायची नाही.

वर्षानुवर्षं हेच. टोप उघडं म्हणजे मिक्सर बंद, हे तिच्या हाताला पाठ झालं होतं. डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

मग मालकांनी शेजारचा गाळा घेऊन त्याचं कॉफी हाऊस केलं. मधली भिंत पाडून काच बसवली, म्हणजे गिऱ्हाइकांना कॉफी पिता पिता पाव होताना दिसावा. गर्दी लोटली. येणारा प्रत्येक जण आधी फोटो काढायचा, मग खायचा आणि मग फोनवर पाचपैकी तारे द्यायचा. मित्रांनो, मी घण सोसले आहेत, म्हणून मला मार ओळखता येतो. ते तारे म्हणजे मारच होता. एक तारा कमी झाला की मालक आत यायचे आणि उस्तादच्या पाठीत गरम ट्रे हाणायचे. एकदा एका बाईंनी कॉफी कोमट म्हणून अख्खा कप धाकटीच्या तोंडावर फेकला. कॉफी कोमट नव्हती. धाकटीच्या गालाची कातडी निघाली, आणि मालकांनी तिलाच माफी मागायला लावली, कारण बाईंचं बोट तेव्हा फोनवर होतं.

तारे द्यायचाच धंदा करणारा एक जण शहरात होता. तो हॉटेलं, बेकऱ्या हिंडायचा, व्हिडिओ काढायचा आणि लाखो लोक ते बघायचे. सगळे त्याला पाठीमागे पाचतारे म्हणत, जसं काही ते त्याचं आडनावच होतं. तो आला त्या दिवशी मालकांनी फरशी दोनदा पुसून घेतली. पाचताऱ्यांनी केक चाखला, मान हलवली आणि काचेपाशी येऊन माझ्याकडे फोन धरला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले की जाळीमुळे पीठ फिरताना दिसत नाही, ती काढली तर मजा येईल.

थोरलीने सांगितलं की जाळी काढली की हा बंद पडतो, आणि तो बंद पडतो ते बरोबरच आहे. मालक म्हणाले, तू बाजूला हो. त्यांनी जाळी बिजागरीतून उपटली, कॉफीच्या कागदी कपाचा तुकडा फाडून घडी केली आणि ती माझ्या खटक्यात कोंबली. वरून चिकटपट्टी मारली, म्हणजे खटका दाबलेलाच राहिला. मी उघड्या टोपाने फिरू लागलो. पाचतारे खूश झाले. त्यांनी पाच तारे दिले.

त्या व्हिडिओने लोक वेडे झाले. काचेला नाकं लावून उभे राहायचे. मालकांनी जाळी मैद्याच्या पोत्यांमागे टाकून दिली ती तिथेच राहिली. थोरली रोज म्हणायची, मालक, जाळी. मालक रोज म्हणायचे, गर्दी ओसरू दे.

गर्दी ओसरली नाही. एका रविवारी रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि मालक थोरलीच्या कानाशी ओरडत होते की पाव संपले, हात चालव. तिने मान वळवून त्यांना उत्तर दिलं. नजर मालकांवर होती आणि हात आपल्या सवयीने टोपाकडे गेला. टोप उघडं होतं. हाताला वाटलं, मिक्सर बंद आहे.

आधी बाही गुंडाळली गेली, मग मनगट, मग कोपर. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या लोखंडातून ऐकला. आकड्याला तो आवाज कळला नाही, तो पुढचा फेरा घ्यायला निघाला. पांढरं पीठ लाल झालं. काचेपलीकडे कोणी किंचाळलं, पण किती तरी फोन तसेच वर धरलेले राहिले. धाकटी काउंटरवरून उडी मारून आली, दुधाचं भांडं उलटलं, आणि तिने माझी वायर भिंतीतून सॉकेटसकट ओढून काढली. आकडा अडकला होता. उस्तादने माझा पट्टा हाताने उलटा फिरवला, तेव्हा कुठे तिला सोडवता आलं. दवाखान्यात तिचा उजवा हात कोपराखालून कापावा लागला.

मालकांनी काय केलं, ऐका. थोरलीला दवाखान्यात नेणारी गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत त्यांनी माझ्या खटक्यातून कपाचा तुकडा काढला, पोत्यांमागची जाळी आणून बसवली आणि मला गरम पाण्याने धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या सुरक्षेचे सरकारी तपासनीस आले. त्यांनी मला चालू केलं, जाळी उचलली. मी थांबलो. पुन्हा उचलली. मी पुन्हा थांबलो. यंत्रात दोष नाही, असं ते म्हणाले. मालक म्हणाले की बाई घाईची होती, तिनेच काहीतरी वेडेपणा केला. पाचताऱ्यांनी आपला व्हिडिओ पुसून टाकला. रविवारी ज्यांनी फोन वर धरले होते, त्यांतलं कोणी पुढे आलं नाही. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. मला नुसता आकडा आहे.

दवाखान्यात थोरलीने धाकटीला जे सांगितलं ते धाकटीने उस्तादला माझ्यासमोर ऐकवलं. "जाऊबाई म्हणाल्या, हात गेला तो गेला. पण मी वेडी होते असं कोणी म्हणायचं नाही."

 उस्तादने भट्टीत तोंड घातलं. त्यालाही घर होतं, आणि मालकांनी त्याला गप्प राहायला बजावलं होतं.

धाकटी रोज तपासनीसांच्या कचेरीच्या दारात जाऊन बसली. हाकललं तरी बसली. शेवटी कंटाळून ते तिच्याबरोबर आले, भर गर्दीच्या वेळी. तिने काउंटरवरचा कागदी कप फाडला, घडी केली, माझ्या खटक्यात कोंबली आणि जाळी उचलून धरली. मग मला चालू केलं.

मी उघड्या टोपाने फिरू लागलो.

तपासनीस दोन पावलं मागे सरले. धाकटीने लाटणं घेतलं, बेकरीतलं, सागवानी, हातभर लांब, आणि ते टोपात सोडलं. एकाच फेऱ्यात त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा उडून काचेवर बसला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. गिऱ्हाइकं खुर्च्या पाडत उठली.

"हे लाकूड होतं साहेब," धाकटी म्हणाली. "त्या रविवारी इथे माझ्या जावेचं हाड होतं."

मालकांनी तिच्या वेणीला हात घातला आणि तिचं डोकं माझ्या कडेवर आदळलं. तेवढ्यात उस्ताद आला. आजवर ज्याने पाठीत ट्रे खाल्ले त्याने मालकांचं मनगट असं पिळलं की ते गुडघ्यावर आले. उस्ताद तपासनीसांकडे बघून म्हणाला, "कप यांनी घातला होता. मी पाहिलंय. मी घाबरलो म्हणून बोललो नाही. लिहून घ्या."

तपासनीसांनी लिहून घेतलं. कॉफी हाऊसला सील लागलं, मालकांवर खटला उभा राहिला आणि थोरली वेडी नव्हती हे कागदावर आलं. हात मात्र कागदावर परत येत नाही.

आता मी जुन्या यंत्रांच्या गोदामात पडून आहे. परवा गिऱ्हाईक म्हणून एक जण आला. नवीन कॉफी हाऊस काढतोय म्हणाला. त्याने माझ्या टोपावर टिचकी मारली, जाळी हलवून पाहिली आणि गोदामवाल्याला विचारलं, "ही काढून चालवता येईल ना? लोकांना दिसायला छान." गोदामवाला म्हणाला, येईल की, त्यात काय.

मित्रांनो, वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला फोडलंत तरी चालेल. पण उद्या आईबाबांबरोबर अशा एखाद्या ठिकाणी जाल आणि काचेतून उघड्या टोपात आकडा फिरताना दिसेल, तेव्हा फोन खाली ठेवा आणि ओरडा. खुर्चीवर उभे राहून ओरडा. मोठी माणसं गप्प बसवतील, लाज काढतील, तरी थांबू नका. आत कोणाचा तरी हात अजून शाबूत आहे.