बीपीची म्हणून आणलेली गोळी

मी एक गोळी बोलतेय. बंदुकीची नाही हो, पाण्याबरोबर घ्यायची! प्रेझोसिन माझं नाव. आमच्या घराण्याचा जन्म रक्तदाब उतरवायला झाला. पुढं नव्या, देखण्या गोळ्या आल्या आणि आम्ही मागच्या फळीवर गेलो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की लढाई पाहून आलेल्या माणसांची वाईट स्वप्नं आमच्यामुळं कमी होतात. सगळ्यांची नाही, काहींची. तेवढ्यावर आम्ही मिजास करतो.

उरणजवळच्या एका गावात शिवदास पाटलांच्या कपाटात मी राहते. शिवदास फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुरक्षेचं काम बघतात. दिवसा माणूस एकदम झकास. मासळी बाजारात घासाघीस करील, क्रिकेटच्या मैदानावर पंचाशी भांडेल. रात्री स्वप्नात मात्र त्यांच्या जुन्या, सरहद्दीवरच्या चौकीवर पुन्हा गोळीबार सुरू व्हायचा. एकदा झोपेत त्यांनी बायकोचा, किशोरीचा, हात असा पिरगळला की मनगट पंधरा दिवस सुजलं होतं. तेव्हापासून ते बाहेर ओटीवर झोपायला लागले. "आत उकडतंय," म्हणे. डिसेंबरात!

लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला लिहून दिलं. महिना-दीड महिन्यात शिवदासांचं अंथरूण परत आत आलं. घरी मात्र त्यांनी सांगितलं, बीपीची गोळी आहे. या गावात बीपी म्हणजे मानाचा आजार. चहा पिता पिता बायका एकमेकींना आपापले आकडे सांगतात. डोक्याच्या गोळीला तो मान नाही. मीपण गप्प बसले. फुकटची इज्जत कुणाला नको असते?

मग समाजमंदिरात आरोग्य शिबिर भरलं. दिपाली सिस्टरनं शिवदासांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"काका, एकशे दहा, सत्तर! एवढा चांगला बीपी, आणि गोळी कशाला घेताय? डॉक्टरांना एकदा विचारा."

मागं रांगेत अर्धं गाव. खरं कारण तिथं कसं सांगणार? शिवदास म्हणाले, "मंग बंदच करतो." आणि विचारायचं राहूनच गेलं.

नवऱ्याचा बीपी गेला म्हणून किशोरीनं देवीला नारळ फोडला. मला हाकलल्याचा एवढा सोहळा! मी कपाटात रुसून बसले, पण माझ्याकडं बघतो कोण?

दहा-बारा दिवसांत स्वप्नं परतली आणि अंथरूण पुन्हा ओटीवर गेलं. त्यानंतर एके सकाळी, गणवेश धुवायला घेताना, किशोरीला खिशात अर्ज सापडला: कायमची रात्रपाळी मिळावी. रात्री घरातच नसलो तर कुणाला इजा होणार नाही, असा शिवदासांचा विचार. किशोरीला तो कसा कळावा?

"मी नको झाली का तुमाला?" तिनं सरळ विचारलं.

शिवदास खाली बसले. मग उठून त्यांनी मला कपाटातून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. "ही बीपीची न्हाय. मना सपनां पडतात, चौकीवरची. तवा हात तुझा न्हवता धरला गो. दुश्मनाचा धरलेला." आणि हा एवढा मोठा माणूस रडला. मलाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

"अवो, मंग सांगाचा ना! मी येड्यासारखा नारळ फोडून आली!" किशोरी म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

दोघं डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर चिडलेच. मनानं बंद केलीत, आता पुन्हा सगळ्यात लहान डोसपासून सुरुवात, नाहीतर उठताना चक्कर येऊन पडाल. मी ठरले मोठ्या डोसची, म्हणून परत कपाटात. मग ते किशोरीला म्हणाले, "झोपेत ओरडले तर हात लावू नका. लांबून नावानं हाक मारा आणि कुठं आहेत ते सांगा."

किशोरी लाल झाली. सव्वीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं. "डॉक्टर, दुसरा कायतरी सांगा ना."

चौथ्या रात्री शिवदास ओटीवर ओरडायला लागले. लहान गोळीचा अजून जोर नव्हता. किशोरी दारात उभी राहिली.

"अवो!"

काही नाही.

"अवो, ऐकताव का?"

काही नाही. ते उशी दाबून धरून कुणालातरी खाली वाकायला सांगत होते. किशोरीनं डोळे मिटले आणि गळा फाडून ओरडली, "शिवदास! अवो शिवदास! घरान हाव तुमी, आपल्या घरान!"

समोरच्या घरातला दिवा लागला. शिवदास घामाघूम होऊन उठून बसले.

"नाव घेतलास माझा?"

"घेतला. परत घेन," ती म्हणाली, आणि अंथरूण ओढत आत घेऊन गेली. रात्रपाळीचा अर्ज तिनं सकाळी बंबात घातला.

त्या रात्री मी काय केलं? काही नाही, कपाटात पडून ऐकत होते. डोस वाढला की माझी पाळी येईल. तोवर तुम्हाला एक विनंती. घरात कुणासाठी मला आणलंत, तर बीपीची म्हणून लपवू नका. खरं सांगताना जीभ अडखळेल, मला माहीत आहे. नाव घेताना किशोरीचीही अडखळलीच होती.