दालासाठी लिहिलेला अर्ज

अकिन्यी पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली तेव्हा मी तिच्याकडे न बघता पुस्तकाचं पान उलटलं. वाचून झालेलं नव्हतं. अनोळखी माणूस समोर आलं की मी असंच काहीतरी करतो. सत्तरी उलटली तरी ते सुटलेलं नाही.

"पत्रं लिहून देणारे तुम्हीच ना?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत कॅफेटेरियाच्या गल्ल्यावरून मालक जहूर हिंदीत ओरडला, "यही हैं वकीलसाहेब! बैठो, बैठो." आणि मग माझ्याकडे बघून आपल्या भाषेत, "काय कमालभाय, आज आफ्रिकेचा खटला वाटतं!"

वकील मी नाही. दोहामध्ये एका ट्रेडिंग कंपनीत बत्तीस वर्षं पत्रव्यवहाराचा क्लार्क होतो. बायको गेल्यावर म्हसळ्याचं घर बंद केलं आणि परत दोहालाच, फरीज बिन ओमरान भागात मुलीकडे राहायला आलो. दर शुक्रवारी दुपारी मी नजमा भागात जहूरच्या कॅफेटेरियात बसतो. ड्रायव्हर, प्लंबर, एसीवाले येतात. कोणाला रजेचा अर्ज हवा असतो, कोणाला मुलाच्या शाळेला पत्र. ते मला चहा पाजतात. त्या दोन तासांची मी आठवडाभर वाट बघतो, हे मात्र मी आबिदालाही, म्हणजे माझ्या मुलीलाही, कधी सांगितलेलं नाही.

अकिन्यी केनियाची, किसुमू शहरातली. दोहातच मदिनत खलीफा भागात एका घरी मुलं सांभाळायची. शुक्रवारी सुट्टी, चर्चमधून परस्पर बसने आली होती. तिने मला 'म्झे' म्हणायला सुरुवात केली. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला असं म्हणतात. मला ते आवडलं.

"दाला म्हणजे आमच्या लुओ भाषेत घर," ती म्हणाली. "आमच्या बायकांच्या संघटनेचं नाव आहे ते."

संघटना म्हणजे मासळीबाजारामागची एक खोली आणि अकरा बायका. सगळ्या आखाती देशांत घरकाम करून परतलेल्या. परत आलेल्या ज्या बाईला घरचे दारात उभं करत नाहीत, तिला त्या खोलीत ठेवून घेत. बाजाराच्या दिवशी गावोगाव जाऊन एजंटच्या कुठल्या कागदावर सही करायची नाही ते मुलींना सांगत. चौकीत एकट्या बाईचं कोणी ऐकत नाही, म्हणून तक्रार द्यायला पाच-सहा जणी मिळून जात. आता मालकाला खोली परत हवी होती. मार्चपर्यंतची मुदत होती. आफ्रिकेतल्या बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अशा छोट्या संघटनांना मदत देणारा एक निधी नैरोबीत होता. त्यांनी हात दिला तर खोली टिकणार होती.

"सध्या तिघी राहतात तिथे," अकिन्यी म्हणाली. "दोघींचं काहीतरी होईल. आधियाम्बोचं होणार नाही. ती शाळेत माझ्या बाकावर बसायची."

मी मान डोलावली आणि कागद पुढे ओढला.

पुढचे चार शुक्रवार आम्ही त्या अर्जावर काम केलं. दालातल्या बायका मोबाईलवर बोलून निरोप पाठवायच्या. अकिन्यी तो टेबलावर ठेवून लावायची, मधे थांबवायची आणि मला इंग्रजीत सांगायची. मागे कोंबड्या ओरडत असायच्या, कोणाचं तरी मूल रडायचं. एक बाई सारखी हसायची; अकिन्यी म्हणाली, तिचा एक हात इस्त्रीने भाजलेला आहे. आधियाम्बोचा आवाज बारीक होता. ती सांगत होती, "झोपायच्या आधी मी आतून कडी लावते. मग उठून बघते, लागली का. मग परत उठते. इथे कोणी मला त्याबद्दल बोलत नाही."

हे मी लिहून घेतलं. पण पक्क्या मसुद्यात ते असं झालं: 'लाभार्थी महिलांना सुरक्षित निवासाची सोय उपलब्ध करून दिली जाते.'

अकिन्यीने मसुदा बोट ठेवून वाचला. इंग्रजी तिला चांगलं येत होतं. माझ्याइतकं वळणदार नव्हतं, एवढंच.

"म्झे, आधियाम्बोची कडी कुठे गेली?"

"ती या वाक्यात आली."

"या?" तिने पुन्हा वाचलं. "मला दिसत नाही."

"ऑफिसात असं लिहीत नाहीत, बेटा. कडी वगैरे. त्यांना वाटेल, ह्यांना लिहिता येत नाही."

तिने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "लिहूनच द्यायला हवं का हे?"

निधीने पाठवलेली माहिती माझ्यासमोरच होती. दोन पानं. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत म्हटलं होतं की अर्ज लेखी नको असेल तर आपल्या भाषेत बोलून, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. मी ती ओळ पहिल्याच शुक्रवारी वाचली होती. तिच्या मोबाईलवरून काढलेला तो प्रिंट मी माझ्या फाईलमध्ये ठेवला होता, आणि अकिन्यीने तो कधी मागितला नव्हता.

"लेखी असलेलं बरं," मी म्हणालो.

तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं ते आज सांगताना मी स्वतःला जास्त वाईट ठरवतो आहे की कमी, हे मला कळत नाही. आवाजापेक्षा कागद भक्कम, असं मला खरंच वाटत होतं. पण तेवढंच नव्हतं. पाचव्या शुक्रवारीही ती यावी असं मला वाटत होतं.

अर्ज गेला. जहूरने दोघांना करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा फुकट दिला. "वकीलसाहेब, केस जिंकली तर बिर्याणी तुमच्याकडून!"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. चांगलं काम झालंय असं मला वाटत होतं. घरी जाऊन आबिदाला मी तो मसुदा वाचूनही दाखवला. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अब्बा, छान आहे. अगदी तुमच्यासारखं आहे."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. शुक्रवारी अकिन्यी आली ती बसली नाही. मोबाईल माझ्यापुढे धरला. निधीने सभ्य शब्दांत लिहिलं होतं. अर्ज व्यवस्थित आहे. पण या बायका कोण, त्यांचं कसं चाललं आहे, हे आम्हाला त्यातून कळू शकलं नाही. असेच बरेच अर्ज येतात. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या आवाजात बोलून पाठवावं. तशी सोय माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर दिली आहे.

"तुमच्याकडे आहे ते पत्रक?"

मी फाईल उघडली. पत्रक तिच्यापुढे सरकवलं. तिने दुसरं पान काढलं, वाचलं.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"माझा चष्मा..." मी सुरुवात केली. तिने माझ्याकडे बघितलं. चिडलेली नव्हती. नुसती थांबली होती, माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत. 

"वाचलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"तुला माझी गरज राहिली नसती."

कोपऱ्यात दोन पोरं पराठा खात होती, ती हसत होती कशाला तरी. अकिन्यी खुर्ची ओढून बसली.

"म्झे," ती म्हणाली, "मी चहा प्यायलाही आले असते."

त्यानंतर ती पाच आठवडे आली नाही. मी दर शुक्रवारी जात राहिलो. जहूर एकदा म्हणाला, "तुमची अशीलबाई कुठे गेली?" आणि माझा चेहरा बघून गल्ल्याकडे वळला. नवीन कोणी अर्ज घेऊन आलं की मी म्हणायचो, आज डोळे दुखताहेत.

सहाव्या शुक्रवारी ती आली. खोली गेली होती. तिथे आता धान्याचं दुकान होतं. अकरा बायका एका झाडाखाली जमत, पण झाडाखाली कोणाला ठेवून घेता येत नाही. दोघी नात्यातल्या कोणाकडे गेल्या. आधियाम्बो भावाकडे गेली. भावजयीने नऊ दिवस ठेवलं. मग ज्या एजंटने तिला पहिल्यांदा पाठवलं होतं त्याच्याकडेच ती परत गेली, आणि त्याने तिला विमानात बसवलं. या वेळी दुसऱ्याच एका आखाती देशात. दहा दिवस तिचा मोबाईल बंद होता.

"हा त्या देशातल्या एजंटच्या ऑफिसचा नंबर आहे," अकिन्यी म्हणाली. "तेच लोक बायकांना घराघरांत कामाला लावतात. मी फोन करू शकत नाही. कामाच्या वेळात माझा मोबाईल मॅडमकडे असतो, आणि शुक्रवारी ते ऑफिस बंद."

"मी चांगलं पत्र..."

"पत्र नको. फोन करा. रोज करा."

तिने क्षमा केली असेल असं नाही. तिला दुसरं कोणी नव्हतं.

आबिदाला कळलं तेव्हा ती घाबरली. "अब्बा, आपला व्हिसा रमीजच्या नावावर आहे. उद्या तुमच्या जावयाला कोणी बोलावून विचारलं तर काय सांगायचं?" तिचं बरोबर होतं. तिच्या देखत नको म्हणून मी इमारतीच्या जिन्यात जाऊन बसलो. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं, चार वेळा खोडलं. त्यात रविवार गेला. सोमवारी नंबर लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलला. "हां, कौन?"

मी नाव सांगितलं. आधियाम्बोचं नाव सांगितलं, अकिन्यीने दिलेला तिच्या पासपोर्टचा नंबर सांगितला.

"आप उसके कौन लगते हो?"

हे कागदावर नव्हतं. मी गप्प राहिलो. त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, ओळखीचा आहे. तो हसला. "चाचा, इस उमर में?" आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी कोणी उचललाच नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, तो वैतागून म्हणाला की ही बाई पहिल्या घरातून निघून आली, तिला दुसरीकडे पाठवलं आहे, आणि घरांचे नंबर ते देत नाहीत. बरी आहे का, मी विचारलं. "पता नहीं, चाचा. काम कर रही होगी." मी विचारलं, तुम्ही तिला बघितलं का?  "रो रही थी," तो म्हणाला. मग खलास, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी अकिन्यी आली. मी चारही दिवसांचं तिला सांगितलं. तो हसला तेही सांगितलं, आणि मी गप्प राहिलो तेही. शेवटचं सांगताना मला वाटलं, रडत होती हे शब्द जरा बदलावेत. थकलेली वाटत होती, असं म्हणता आलं असतं. मी बदलले नाहीत.

तिने मोबाईल तोंडाशी धरला आणि आपल्या भाषेत किसुमूच्या बायकांना ते सगळं सांगितलं. बराच वेळ बोलत होती. जहूरने चहा आणून ठेवला आणि आवाज न करता निघून गेला. काही मिनिटांनी उत्तर आलं. एकच बाई बोलत होती, मागे वाऱ्याचा आवाज होता.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारते, उद्या पुन्हा फोन करणार का."

"उद्या शनिवार. ते ऑफिस बंद असतं," मी म्हणालो. "रविवारी आठला उघडतं. तिला तसं सांग."

तिने तसं सांगितलं.