मधल्या खोलीतली भिंत

म्हाताऱ्या गवंड्याने जन्मभर लोकांच्या भिंती बांधल्या आणि शेवटची भिंत स्वतःच्याच घरात घातली. आपल्या माघारी दोघा मुलांनी एकमेकांच्या उरावर बसू नये, म्हणून डोळ्यांदेखत घर वाटून मोकळं व्हायचं त्याने ठरवलं होतं. भिंतीच्या अलीकडचं थोरल्याला, पलीकडचं धाकट्याला. दुपारी वकील बक्षीसपत्रावर सही घ्यायला येणार होते.

भिंत बरोबर मधल्या खोलीतून गेली होती. गेल्या साली त्याच खोलीत त्याची बायको वारली. शेवटी तिची वाचा बसली होती. काही हवं असलं की बोटाच्या पेराने खाटेवर दोनदा टकटक करायची, आणि लेक हातातलं काम टाकून धावायची. आईचं आजारपण काढता काढता लेकीचं लग्नाचं वय निघून गेलं होतं.

चार दिवसांपूर्वी गिलावा वाळला आणि तेव्हापासून भिंतीतून टकटक सुरू झाली होती. दोनदा. मग शांत. मग पुन्हा दोनदा.

"उंदीर असेल," धाकटा म्हणाला.

"माझ्या भिंतीत? मुंगीलासुद्धा अंग चोरून जावं लागेल."

"मग तुमचे कान वाजतायत, बाबा," थोरला हसला. "सही होईपर्यंत तरी धड राहा."

मुलं बाहेर गेल्यावर म्हाताऱ्याने थापीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली. वरपासून खालपर्यंत भरीव. त्याने कान लावला, तसं आतून अगदी कानाशी दोनदा वाजलं.

लेक दारात उभी होती.

"तुलाही ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"काय हवं असेल गं तिला?"

"आईला माझी काळजी होती. मला जायला दुसरं घर नाही."

"भाऊ आहेत ना. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे."

"मी काय तुमची शिडी आहे, बाबा? आज या घरी, उद्या त्या घरी?"

म्हाताऱ्याला आठवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी बायकोने लेकीकडे बोट केलं होतं, मग खोलीच्या जमिनीकडे. त्याला वाटलं, पाणी सांडलंय. "पूस गं ते," तो लेकीला म्हणाला होता. जमीन तर कोरडी होती.

त्याने छिन्नी-हातोडा काढला.

वकिलांना घेऊन मुलं आली तेव्हा भिंतीचे वरचे दोन थर उतरले होते.

"खोली अख्खी हिची," म्हातारा मागे न बघता म्हणाला. "दोन्ही बाजूंना एकेक भिंत घालतो. वकीलसाहेब, तीन वाटे लिहा."

"आणि आमच्या वाट्याला काय, वळचण?" थोरल्याने पुढे होऊन त्याच्या हातातली वीट हिसकावली. "ताईला आम्ही काय रस्त्यावर..."

तो बोलता बोलता थांबला. सावलीतली वीट, पण गरम होती. उन्हाने तापते तशी नव्हे. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

त्याने ती अलगद खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. कुणाकडे बघितलं नाही.

"तीन लिहा," तो वकिलांना म्हणाला, आणि तळहात सदऱ्याला पुसत राहिला. ऊब काही जाईना.