उकंडाचा गुलाबी मनिला

उकंडा ढाणकीच्या कापसाच्या जिनिंगवर हमाल होता. अडीच मणांचं पोतं तो एका हिसक्यात पाठीवर घ्यायचा. पण बरीच वर्षं त्यानं अंगात घातले ते गावच्या जमीनदाराच्या, भगवानरावाच्या घरचे उतरलेले सदरे. त्यांत त्याचे दंड कधी मावलेच नाहीत.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वस्तीनं उतरलेले कपडे घेणं सोडलं. थोरला भाऊ बळीराम तेव्हापासून पांढऱ्याशिवाय काही घालत नव्हता. उकंडाही बाजारातलं तयार पांढरंच घाली. मग तीन वर्षांनी, ऐन लग्नसराईत, त्याला दुकानात गुलाबी पॉपलीनचं ठाण दिसलं आणि त्याचा पाय तिथून निघेना. शिंप्यानं छातीला फीत लावली तेव्हा त्यानं श्वास रोखून धरला. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचं माप घेत होतं.

शिवून आलेला मनिला, तो अर्ध्या बाह्यांचा सदरा, अंगात घालून तो दारात उभा राहिला तशी त्याची बायको नलू हसली, "नवरदेवावानी दिसता जी!"

बळीराम मात्र भडकला. "वाघासारखा गडी तू, अन् हे पोलक्याचं कापड घालून राह्यला? लोक बायल्या म्हणतीन तुले."

"म्हनू दे, दादा. मले आवडलं. पयल्यांदा माह्या मनानं काही घातलं."

बाजाराच्या दिवशी तो तोच मनिला घालून निघाला. छाती आपोआप पुढं येत होती. कापडाच्या दुकानापुढं भगवानराव चार गडी घेऊन उभा होता. बैलगाडीनं लग्नाला निघालेला, डोक्यावर गुलाबी फेटा, हातात तुतारी, बैल हाकायची आर लावलेली काठी.

"काय बे उकंड्या, बायकोचं पोलकं घातलं काय?"

"तुमच्या फेट्याचाच रंग हाये, भगवानराव. तुमच्या डोक्यावर मर्दाचा, अन् माह्या अंगावर बाईचा कसा?"

बाजार खदखदून हसला. भगवानरावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. दुकानातलं एक लुगडं ओढून त्यानं गड्यांपुढं फेकलं. "नेसवा याले!"

दोघांनी उकंडाचे हात धरले. मनिला खांद्यातून टरकन फाटला. लुगडं कमरेला लागलं आणि त्यानं समोरच्याच्या तोंडावर डोकं हाणलं. नाकाचं हाड मोडलं, रक्ताची चिळकांडी उडाली आणि धरलेले हात सुटले. भगवानरावानं तुतारी उगारली. तिची लोखंडी आर उकंडाच्या डाव्या डोळ्यात घुसली. उकंडा गुरासारखा ओरडला. पण तुतारी धरलेलं ते मनगट त्याच्या हातात आलं होतं. त्यानं ते पिरगाळलं, कडाड आवाज येईपर्यंत, आणि आवाज आल्यावरही पिरगाळत राहिला. त्या घडीला त्याला भगवानरावाचा जीव हवा होता.

मग गड्यांच्या लाठ्या पडू लागल्या. उकंडा धुळीत कोसळला. गर्दी फोडून बळीराम धावत आला आणि भावावर पालथा पडला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाठ्या बसत राहिल्या. खांद्याचं हाड मोडलं तरी तो हलला नाही.

उकंडाचा डोळा गेला. मनगट मोडल्याबद्दल त्याला तीन महिन्यांची कैद झाली. भगवानरावाला साधी समज देऊन सोडलं. जिनिंगनं उकंडाला परत घेतलं नाही. कैद संपली तसा नलूला घेऊन तो हमालीसाठी आर्णीला निघाला.

मोटारीपर्यंत पोचवायला बळीराम आला. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हातानं त्यानं नलूचं गाठोडं चढवलं.

उकंडाला त्या वर न जाणाऱ्या हाताकडं पाहवेना. "तुले तर तो मनिला पटलाच नव्हता, दादा. मंग काहून आडवा आला?"

"अजून बी नाही पटला," बळीराम म्हणाला. "पण घालू नको म्हनाचा हक माहा होता. त्यायचा नव्हता."

मोटार सुरू झाली. उकंडा मान वळवून, उरलेल्या डोळ्यानं भावाला पाहत राहिला.