बॉल धरणारी

बर्नडीन हुडाक शाळेची बस चालवायची, आणि दर मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी नदीकाठच्या मैदानावर दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या किकच्या तुकडीला शिकवायची. मुख्य कोच मॅझुर सामन्यात ही तुकडी क्वचितच उतरवी. तरी ती तासन्‌तास एकच गोष्ट घोटून घ्यायची: मधल्या पोरानं दोन पायांमधून लांबट बॉल मागे फेकायचा, जोसी नावाच्या पोरीनं गुडघ्यावर बसून तो झेलायचा, टोकावर उभा करायचा, शिवण गोलच्या खांबांकडे फिरवायची आणि वर बोट टेकवायचं. मग ब्रेंडनची किक.

त्या ऑक्टोबरात तिचा थोरला भाऊ रेजिस अकरा वर्षांनी गावी आला. शाळेच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा तो टेक्सासला गेला आणि तिकडचाच झाला. नाताळला फोन यायचा, तोही दोन मिनिटांचा. बर्नडीननं आठवडाभर आधीपासून त्याची खोली झाडून ठेवली, बटाट्याचं सारण भरून पिअरोगी करून ठेवल्या.

गुरुवारी ती त्याला मैदानावर घेऊन गेली. चव्वेचाळीस यार्डांवरून किक मारून सामना जिंकून देणारा रेजिस हुडाक! पोरांनी त्याला गराडाच घातला.

“सर, तुम्ही सराव कसा करायचात?” ब्रेंडननं विचारलं.

“एकट्यानं! घरामागे बॉल विटेला टेकवायचा आणि हाणायचा. सहा वर्षं.”

बर्नडीन खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. ती बांधलेलीच होती. सहा हिवाळे तीच त्याच्यासमोर बर्फात गुडघे टेकून बसली होती. एकदा त्याची लाथ बसून तिची करंगळी मोडली, तेव्हा आईला तिनं दारात चेंगरली म्हणून सांगितलं. मुलींना तेव्हा संघात घेत नसत. घरामागचा तो तुकडाच तिचं मैदान होता.

शनिवारच्या सामन्यात पाहुण्याचा मान म्हणून मॅझुरनं किकची तुकडी उतरवली. फेक खाली आली, जवळजवळ चिखलातच. जोसीनं बॉल खरवडून उचलला, उभा केला, शिवण फिरवली. ब्रेंडनची किक खांबाला थडकून बाहेर पडली. सगळे ब्रेंडनची पाठ थोपटायला धावले.

“पोरगा मारतो झकास,” रेजिस म्हणाला.

“जोसीनं चिखलातून काढला तो बॉल. पाहिलंस?”

“कोण जोसी?”

“बॉल धरणारी!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की बाकावरच्या आयाबाया वळून पाहू लागल्या.

रविवारी दुपारी त्याचं विमान होतं. सकाळी कॉफी पिऊन झाल्यावर ती बॉल घेऊन मागच्या अंगणात गेली.

“ये रे. आज तू धर, मी मारते.”

“बर्नी, अगं साठी उलटली तुझी! कंबर धरेल.”

“धरू दे. ये.”

तो कण्हत गुडघ्यावर बसला. बॉल त्याच्या हातातून दोनदा निसटला.

“ही शिवण कुठल्या बाजूला ठेवायची गं?”

“तुला माहीत नाही?”

“मी कधी बघितलंच नाही. नेहमी नीटच असायची.”

“वीट शिवण फिरवत नाही, रेजिस.”

त्यानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा बॉलकडे वळून त्यानं शिवण हळूच कुंपणापलीकडच्या नदीच्या दिशेला केली.

बर्नडीन तीन पावलं मागे गेली आणि धावत येऊन तिनं किक मारली. बॉल जेमतेम कुंपणापर्यंत गेला. रेजिस हसला, तीही हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, “अजून एक.”

त्याची नजर घड्याळाकडे गेली. “पुढच्या वर्षी येतो ना. तेव्हा मारू.”

हे तिनं पूर्वीही ऐकलं होतं. विमानतळावर त्यानं तिला बराच वेळ कवेत धरून ठेवलं, पण ‘बॉल तूच धरायचीस’ हे जे ऐकायची आस तिला लागली होती, ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. घरी परतल्यावर ती अंधार पडेपर्यंत अंगणात होती. स्वतःच बॉल उभा करायची, आणि किक मारायला मागे सरेपर्यंत तो पडायचा.