मंगळवारची शिकवणी

आर्डिसने सफरचंदाची साल काढता काढता सुरी थांबवली. खाली तळघरात नेडीन हसली होती. सकाळपासूनचं हे चौथं हसणं, आणि अजून साडेदहासुद्धा वाजले नव्हते.

हसण्याचं आर्डिसला वावडं नव्हतं. पण मघाशीच तिने बंदुकीच्या दारूच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकला होता, आणि या घरात ते झाकण उघडलं की कुणी बोलायचं नसतं. मोजताना लक्ष उडालं, काडतुसाच्या एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तर रायफल फुटते आणि धरणाऱ्याचा चेहराही जागेवर राहत नाही, असं वेंडेलने लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. अडतीस वर्षं तिने ते पाळलं. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. वेंडेलने वळूनही न बघता एक बोट वर केलं, आणि पन्नासच्या पन्नास पुंगळ्या भरून होईपर्यंत आर्डिस रडू आवरून थांबली. पुढे चर्चमधल्या बायकांना तिने हे चक्क कौतुकाने सांगितलं. माझा नवरा कामाच्या बाबतीत भारी कडक, म्हणाली.

तो कडकपणा आता खाली खिदळत होता.

नेडीन ही कर्टिसची बायको, आणि कर्टिस वेंडेलचा शिकारीतला जोडीदार. दोन वर्षांपूर्वी तो अचानक गेला. त्याची जुनी रायफल नेडीनला चालवायची होती, पण तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी झालेली. तेव्हा ती घरीच भरायला शिकायचं तिने ठरवलं. आमच्याकडे वायोमिंगमध्ये लोक घरोघरी जॅम करावा तशी काडतुसं भरतात, त्यात नवल काहीच नाही. आर्डिसला नवल वाटलं ते लिपस्टिकचं. रिकाम्या पितळी पुंगळ्यांसमोर बसायला लिपस्टिक कशाला लागते?

दुपारी जेवताना तिने वेंडेलला सहज विचारावं तसं विचारलं.

"आज काय शिकली नेडीन?"

"पुंगळ्यांचे गळे घासायला."

"सहा मंगळवार गळेच घासतेय? तेवढ्यात मी ट्रॅक्टर शिकले होते."

"तुला गुरू चांगला मिळाला होता."

"माझा भाऊ शिकवत होता मला."

"तेच म्हणतोय."

वेंडेल हसला, पण तिच्याकडे बघून नाही. तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघून. हल्ली तो असाच बघायचा. आर्डिसने तेही नेडीनच्या नावावर मांडलं.

शुक्रवारी ती ट्रकमधली घोंगडी धुवायला काढायला गेली, तर सीटमागे काडतुसांचं एक खोकं सापडलं. वेंडेलच्या खोक्यांवर चिठ्ठी असायची ती मुंगीच्या पायांसारख्या बारीक अक्षरात: तारीख, दारूचं वजन, कुठली रायफल. या चिठ्ठीवरचं अक्षर गोल गोल, बटाटे ओळीने मांडून ठेवल्यासारखं होतं. नेडीनचं. आणि रायफल लिहिली होती वेंडेलची.

म्हणजे शिष्या स्वतःसाठी भरतच नव्हती. माझ्या नवऱ्यासाठी भरत होती. आर्डिसने खोकं होतं तसं ठेवलं आणि घोंगडी इतकी घासली की तिच्या कडेची शिवण उसवली. एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाला तीन आठवडे होते. छातीवरच्या खिशात दुसऱ्या बाईने भरलेली काडतुसं घेऊन तो डोंगरात जाणार, आणि आपण डबा भरून द्यायचा!

पुढच्या मंगळवारी तिने कॉफीचे दोन कप घेतले आणि पायातले जोडे काढून जिना उतरायला लागली. कॉफी देताना कुणी जोडे काढत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"थांब," नेडीनचा आवाज आला. "अजून जरा. अजून. बास! काटा मधोमध."

"नक्की?"

"वेंडेल, मी विधवा आहे, आंधळी नाही."

"तो मान माझाच," वेंडेल म्हणाला, आणि दोघंही हसले.

आर्डिस पाचव्या पायरीवर वाकली. नेडीन चष्मा लावून छोट्या तराजूवर ओणवी झाली होती. वेंडेलने मापातली दारू उचलली, डाव्या हाताच्या बोटाने पुंगळीचं तोंड चाचपलं, मग तिच्यावर नरसाळं बसवून दारू ओतली. नेडीनने बॅटरीचा झोत आत टाकला.

"भरली. पुढची रिकामी आहे, बघितली मी."

"मधे नुसता डाग दिसतो गं," वेंडेल म्हणाला. "कडेकडेचं तेवढं दिसतं. तुझं नाक दिसत नाही, कान दिसतो."

"नाक बघण्यासारखं नाहीच माझं. आर्डिसला सांगितलंस?"

"सांगणार आहे."

"हे तू चौथ्यांदा म्हणालास."

आर्डिस तशीच उलट्या पावली वर गेली. कॉफी सिंकमध्ये ओतली. कप धुतले, पुसले, पुन्हा धुतले. सहा आठवडे जी भीती तिने जपून वाढवली होती ती खोटी निघाली होती. आता मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हातात हात घेतलेले दिसले असते तर बरं झालं असतं, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं. त्या गोष्टीशी निदान भांडता आलं असतं.

नेडीन निघाली तेव्हा आर्डिस तिच्या मागोमाग अंगणात आली.

"तुला आधी सांगितलं त्याने."

नेडीनने गाडीचं दार अर्धं उघडून तसंच धरलं. कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही.

"नाही गं, सांगितलं कुठे? वसंतात चर्चचं जेवण होतं ना, तेव्हा कॉफी ओतताना त्याने कपात बोट घातलं होतं, कुठवर भरला ते कळायला. मी बघितलं. मग विचारलं."

"मीही होते त्या जेवणाला."

"होतीस की. माझ्या नव्या ब्लाऊजकडे बघत होतीस."

आर्डिसने एप्रनला हात पुसले. मग तिने विचारलं, "शिकारीला जाणार आहे तो?"

"माझ्याबरोबर टेकडीखाली बसणार आहे. रायफल मी घेणार. त्यालाही मान्य आहे."

"मग त्याच्या रायफलची काडतुसं कशाला भरताय?"

"त्याला भरायची आहेत म्हणून." नेडीन गाडीत बसली. "पुढच्या मंगळवारी येऊ ना मी?"

"ये. तुला अजून गळे घासता येत नाहीत, असं ऐकलंय."

जेवताना आर्डिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने आधी ताटाची कड चाचपली, मग बटाटा काट्याने हळूच टोचून पाहिला, मगच उचलला. किती दिवस हे चाललं असेल? ती रोज समोर बसत होती.

"मंगळवारी तराजू मी वाचेन," ती म्हणाली.

वेंडेलचं चावणं थांबलं. बराच वेळ तो तिच्या कानाकडे बघत राहिला, म्हणजे तिच्याकडेच.

"नेडीनचा आवाज स्पष्ट आहे," तो शेवटी म्हणाला.

"माझाही आहे. तू फारसा ऐकलेला नाहीस, एवढंच."

त्याने मान हलवली. मग खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि तिच्या ताटाशी ठेवायला गेला. ती लोण्याच्या बशीत पडली. आर्डिसने ती उचलली, नॅपकिनला पुसली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"नीट ठेवली का मी?" त्याने विचारलं.

"अगदी बरोबर," आर्डिस म्हणाली.