स्टुलावरचं पाणी

…आणि पुन्हा अडकली. निळ्या प्लास्टिकची, अंगठ्याहून जराशी मोठी तोटी. अर्ध्यावर येऊन हटून बसते, जोर लावला की कट् करून सुटते. सकाळपासून ऑफिसात टेबलाशी बसून तिचा हाच चाळा चालला होता — उघड, बंद, उघड — आणि समोरच्या पडद्यावरची अट ती पुन्हा पुन्हा वाचत होती. मदतकार्य मूल्यमापन संचालक. पात्रता : मदतकार्य प्रत्यक्ष राबवण्याचा वरिष्ठ पदावरील पंधरा वर्षांचा अनुभव. राबवण्याचा. म्हणजे ज्यानं आयुष्यभर वाटलं, त्यानंच आता वाटप कसं झालं ते तपासायचं; आणि जिनं आयुष्यभर तपासलं तिनं… तिनं काय करायचं ते साहेबांनी कालच सांगितलं होतं. मुलाखत मंडळावर तज्ज्ञ म्हणून बसायचं. प्रश्न काढायचे. होकार आज पाचपर्यंत.

एकदा मंडळावर बसलं की स्वतःचा अर्ज संपला, अटीवर हरकत घेण्याची सोयही संपली. हे साहेब बोलले नव्हते. बोलायची गरज नव्हती.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले होते. "तुम्ही पाहिलंत. केलं नाहीत. फरक आहे ना?"

"मोजणाऱ्यानं आधी वाटलेलं असावं, हे कुठून आलं?"

"आता बघा, ज्याला स्वयंपाक येत नाही त्याला चवीतलं काय कळणार?"

उत्तर सुचलं ते नेहमीप्रमाणे जिन्यात — जेवणाऱ्याला कळतं, साहेब. जिन्यात सुचलेल्या उत्तरांचं काय करतात लोक? ती त्यांना घरी नेते, अंथरुणावर घेऊन पडते, सकाळी तीच पुन्हा डोक्यात घेऊन ऑफिसात येते. पाहिलंत, केलं नाहीत. मी काय खिडकीत बसून पाहिलं? पुरानंतर त्या वस्तीत गुडघाभर गाळातून घरोघर गेले ते पाहायला? एका घरातली म्हातारी पोटावर आडवी झाली होती, ओल्या जमिनीला गाल टेकून, कारण पाणी गाळायच्या नव्याकोऱ्या पिंपाची तोटी जमिनीपासून चार बोटांवर होती आणि तिच्याखाली पेला मावत नव्हता. म्हातारी तळहात धरायची, त्यात साचेल तेवढं वाटीत ओतायची, पुन्हा धरायची. तेवढ्यात नातवंडं भांडायला लागायची. पिंप उंचावर ठेवायला हवं होतं. पण टेबल, खाट, लाकडाचा तुकडासुद्धा — सगळं नदीनं नेलेलं. ज्यानं ते पिंप निवडलं त्याच्या स्वयंपाकघरात ओटा होता, एवढंच. शेजारच्या घरात पिंपात कांदे ठेवले होते. त्याच्या शेजारी कपडे. निघताना म्हातारीनं हीच तोटी पिळून काढली आणि तिच्या हातात दिली. "न्या. तुमच्या साहेबांना म्हणावं, तुम्ही प्या."

आणि खात्याच्या अहवालात : वाटप शंभर टक्के. खरंच होतं. एकही घर सुटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला.

"अर्ज केलास का गं?"

"मी पात्र नाही, आई."

"तू? भाजीत चिमूटभर मीठ कमी असलं तरी आधी तूच नाक मुरडायचीस. तुझे बाबा बिचारे पान संपवून उठायचे."

"मीठ तू घालायचीस ना. मग तूच पात्र."

"मला काय कळतंय त्यात? मी घालायचे आणि तुझ्या तोंडाकडे बघायचे."

फोन ठेवल्यावर ते वाक्य बराच वेळ कानात राहिलं… तोंडाकडे बघायचे. इथे कोण बघतं कुणाच्या तोंडाकडे?

दुपारी तो आला, त्या पदासाठी अर्ज केलेला. अख्ख्या खात्यात त्याला वाटपशेठ म्हणत, तोंडावरही, आणि तो खूश असायचा. त्या पुरात ती पिंपं यानंच वाटली होती, दोन रात्री होडीत झोपून. त्याचा रागही धड करता येत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग होता.

"ताई, प्रश्न जरा सांभाळून काढा हं. आपण अभ्यासात कच्चे," तो दारातूनच हसला. "तुमचा अहवाल वाचला होता मी. तो उंचीचा मुद्दा… बारीक नजर आहे तुमची."

"मग स्टुलं का नाही दिली?"

"कशात दाखवणार? स्टूल पाण्याच्या खर्चात बसत नाही, आणि घरसामानाचा खर्च आपल्याकडे नाही." तो खरंच विचार करत होता. "मनात होतं हो."

तो गेला. तोटी पुन्हा अर्ध्यावर अडकली होती. तिनं इतका जोर लावला की अंगठ्यावर पांढरा वळ उठला… मनात होतं. उद्या हाच त्या खुर्चीत बसेल, कुठलीतरी दुसरी बाई कुठल्यातरी दुसऱ्या गाळातून असंच काहीतरी घेऊन येईल, आणि हा तितक्याच आपुलकीनं म्हणेल, बारीक नजर आहे तुमची.

पाचला ती साहेबांच्या खोलीत गेली. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं. मंडळावर बसले तर एक तरी प्रश्न विचारता येईल, नाही बसले तर निदान भांडता येईल — दोन्ही वाक्यं जिभेवर होती, आणि तोटी मुठीत.

"या, बसा. पाणी घेता?" साहेब उठले. कोपऱ्यात तेच पिंप होतं, नमुना म्हणून आलेलं. वर्षानुवर्षं ती ते बघत आली होती. त्यांनी पेला धरला, तोटी सहज फिरली, पाणी सरळ धारेनं पडलं. "बघा. आजवर एक तक्रार नाही."

पिंप स्टुलावर होतं. हेही तिला माहीत होतं, त्यावर ती मनातल्या मनात कितीदा चिडलीही होती. पण आज तिची नजर आणखी खाली गेली. फरशी तिथे जराशी उतरती होती, आणि स्टुलाच्या एका पायाखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी सारली होती — डुगडुगू नये म्हणून, नीट, कडा दुमडून. म्हणजे कुणीतरी इथे खाली वाकलं होतं. जमिनीला गाल टेकून पाहिलं होतं, पाणी कुठे कलतंय ते.

इतकी वर्षं ती धरून चालली होती की या लोकांना दिसत नाही. तिचं सगळं काम, सगळे अहवाल, जिन्यातली सगळी उत्तरं त्याच्यावर उभी होती — दाखवलं की दिसेल. पण दिसत होतंच; स्वतःच्या पेल्यापुरतं.

सकाळपासून छातीत धगधगत असलेलं काहीतरी एकदम थंड झालं. गेलं नाही, नुसतं थंड आणि घट्ट झालं, आता त्याला कडा आल्या होत्या.

"मग बाई? काय ठरलं?" साहेबांनी पेला पुढे केला.

तिनं तो घेतला नाही. ती अजून त्या पुठ्ठ्याकडे बघत होती.